मे महिना, समृद्धी आणि चार टायर

मे महिन्यात माझी बहीण घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरहून रत्नागिरीला निघणार आहे. समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंत, मग पुणे, कराड आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडी सात आसनांची, माणसंही सातच, आणि येताना आंब्याच्या पेट्या. टायर बदलायचे का, बदलायचे तर कोणते घ्यायचे, यावरून तिचा आणि आमच्या मामांचा जो वाद झाला, तो जवळपास तसाच इथे देतो आहे. मामांची अख्खी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. बहीण मेकॅनिकल इंजिनिअर आहे. टायर दोघांनाही कळतो, पण एकाने तो हातांनी ओळखला आणि दुसरीने कागदावर.

बहीण : मामा, चारही टायर बदलायचं ठरवलंय.

मामा : काहून? परवाच पाहिले ना मी. नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक आहे. नव्या टायरला साडेसात-आठ असते, आणि कायदा म्हणतो 1.6 वर आली की बदला. चांगला माल फेकायला निघालीस तू.

बहीण : नक्षी आहे हो, पण वय पाहिलंत का? बाजूला डीओटी लिहिलंय, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे 2218 आहेत. म्हणजे 2018 सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. किती वर्षं उलटली?

मामा : मग? एकेक टायर आम्ही दोन-दोनदा रिमोल्ड करून चालवलाय. वरचं रबर झिजलं की नवीन चढवायचं, आतला सांगाडा धड आहे का तेवढं पाहायचं. लाखो लोक त्या गाड्यांतून सुखरूप घरी गेले. तारखेचं हे खूळ दुकानदारांनी काढलंय. तुला घाबरवून राहिलाय तो.

बहीण : एसटीचा टायर उभा कुठे राहतो? रोज शेकडो किलोमीटर पळतो, म्हातारा व्हायच्या आधीच झिजतो. आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस उन्हात उभी असते. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कडक होतं. ते होऊ नये म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात, आणि ते पृष्ठभागावर यायला टायर फिरावा लागतो, वाकावा लागतो. उभ्या गाडीत ते आतच राहतात. म्हणून कमी चालवलेल्या गाडीचा टायर वरून नवा दिसतो आणि आतून वाळत जातो. नक्षीच्या खोबणीत तळाशी बघा, केसासारख्या भेगा दिसतील.

मामा : भेगा पाहिल्यात मी. वरवरच्या आहेत.

बहीण : तुम्ही हात लावून सांगताय म्हणून मान्य करते. पण आतले पट्टे एकमेकांना किती घट्ट चिकटून आहेत, ते हाताला कळतं का? पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे अजिबात वापरू नका, असं टायर बनवणारेच सांगतात.

मामा : तेच तर! तपासा म्हणतात, फेका म्हणत नाहीत. आणि मला सांग, गावात चाळीसच्या वेगाने हाच टायर अजून दोन वर्षं चालला असता की नाही?

बहीण : चालला असता. पण मी गावात नाही चाललेय.

मला वाटतं, पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या एका उत्तरात आहे. चांगला टायर कोणता, हे टायरकडे पाहून सांगता येत नाही. त्याच्यावर किती ओझं पडणार, किती वेगाने आणि किती वेळ न थांबता तो फिरणार, हे ठरल्यावरच तो चांगला की वाईट ते ठरतं. मामांनाही हे पटलं असावं, कारण त्यांनी वयाचा विषय तिथेच सोडला आणि हवेवर आले.

मामा : बरं, सध्या हवा किती आहे?

बहीण : 28. नवऱ्याने पंपावर कमी करून आणली. तिथला मुलगा म्हणाला, उन्हाळ्यात हवा फुगते, चार-पाच पॉइंट कमीच ठेवा.

मामा : आणि तू इंजिनिअर! अगं, टायर वय झाल्याने मरेल तेव्हा मरेल, या 28 ने तो जालन्याच्या आतच जाईल. तुझ्या दाराच्या चौकटीवर पट्टी चिकटवलीय, ती वाच. पाच माणसांना 33, गाडी भरलेली असेल तर मागे 36. गाडी बनवणाऱ्याने उगाच लिहिलंय का ते?

बहीण : मीही त्याला हेच सांगितलं, हिशेब मांडून दाखवला. सकाळी 30 अंशांना 33 भरली आणि चालवताना टायर आतून 70 अंशांवर गेला, तर दाब साधारण 39 होतो. धड टायरला सहा पॉइंटांनी काही होत नाही. तेवढा दाब वाढणार हे धरूनच तो बनवलेला असतो.

मामा : हिशेब तुझा बरोबर, पण फुटतो कशाने ते सांगितलंस का त्याला? हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सरळ होते. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं तर वाकल्या जागी चटका बसतो, तसं ते रबर आतल्या आत तापत जातं. वरचं ऊन त्याला फक्त हातभार लावतं. तापून तापून थर सुटतात, आणि मग लोक म्हणतात उन्हाने टायर फुटला.

बहीण : वेग फार वाढला आणि हवा कमी असली, तर रस्त्याला टेकलेला भाग सुटताना लगेच सरळही होत नाही. त्याच्या मागे टायरवर लाट उठलेली राहते. तिथून पुढे उष्णता झपाट्याने वाढते.

मामा : झालं तर. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी करणारा माणूस टायर थंड ठेवायला जातो आणि स्वतःच तापवतो.

पंपावर तो सल्ला देणाऱ्या मुलाचा यात दोष नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं तो पुढे सांगतो, आणि तापली की हवा फुगते हेही खरंच आहे. पण विदर्भात दर उन्हाळ्यात हजारो गाड्यांची हवा अशी कमी केली जाते, आणि लहान मुलांना मागे बसवून त्याच गाड्या महामार्गाला लागतात, याची मला मनापासून भीती वाटते. हवा सकाळी भरायची, गाडी तीन-चार तास उभी राहून थंड झालेली असताना, आणि पट्टीवर असेल तेवढी. वाटेत मोजली तर 38-39 दिसेल, पण ती काढायची नाही. ज्यांना या लेखातलं दुसरं काही लक्षात ठेवायचं नसेल, त्यांनी एवढं ठेवावं.

बहीण : म्हणजे हवा बरोबर असली की टायर कुठलाही चालतो, असं म्हणायचंय का तुम्हाला? अमेरिकेत 2000 साली काय झालं ते आठवतं? फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर. नक्षीचा अख्खा पट्टा सुटून यायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त माणसं गेली. ऑगस्टमध्ये कंपनीने 65 लाख टायर परत मागवायला घेतले. थर नीट चिकटलेले नव्हते, बरेचसे टायर एकाच कारखान्यात बनलेले होते. आता सांगा, टायर कोणता घ्यायचा याला महत्त्व नाही?

मामा : त्यांत हवा किती भरायला सांगितली होती?

बहीण : फोर्ड 26 म्हणत होती, फायरस्टोन 30.

मामा : आणि फुटले कुठे?

बहीण : जास्त करून टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया.

मामा : म्हणजे गरम मुलूख, लांबलचक रस्ते, हवा कमी आणि गाडीत सामान. अगं, हा तर आपला मे महिना! टायर खराब होता, मान्य. पण तोच टायर थंड प्रदेशात इतक्यांदा का नाही फुटला?

बहीण : आणि तितक्याच गरम जागी तितक्याच वजनाच्या गाड्यांवर दुसरे टायर का नाही फुटले?

इथे दोघंही थोडा वेळ गप्प झाली. त्या प्रकरणावरच्या खटल्यांत फोर्ड आणि फायरस्टोन या दोन्ही कंपन्या वर्षानुवर्षं हेच दोन प्रश्न एकमेकींना विचारत होत्या. जवळपास शंभर वर्षांचं त्यांचं नातं 2001 मध्ये तुटलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी खरी होती, असं मला वाटतं. कच्चा टायर आणि कमी हवा एकत्र आली, आणि उन्हाने दोन्हींची कसूर उघडी पाडली.

मामा : बरं, आता समृद्धीचं बोल. लोक म्हणतात सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात.

बहीण : भर उन्हात काळं डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. तिथे वेगळं आहे ते न थांबणं. जुन्या रस्त्याने अमरावती, अकोला करत गेलं की दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव, गतिरोधक, फाटक लागतं. टायरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर आहे, कारला 120 ची परवानगी. तापलेला टायर तास-तासभर तसाच तापलेला राहतो.

मामा : म्हणून मी म्हणतो, शंभरच्या वर जाऊच नका. टायरवर एच लिहिलंय म्हणजे 210 चालतं, असं जावई सांगत होते. ती खूण नव्या टायरची, पूर्ण हवेची, कारखान्यातल्या चाचणीची. भेगा पडलेल्या टायरला कोण देतंय ती हमी? आणि फक्त टायरला दोष देणंही बरोबर नाही. सिंदखेडराजाजवळ 1 जुलै 2023 च्या रात्री ती बस पेटली, पंचवीस माणसं गेली. आधी टायर फुटला म्हणून सांगितलं, मग आरटीओच्या अहवालाने ते नाकारलं. सरळ रस्ता माणसालाही झोपवतो. दर दोन तासांनी थांबा. तुम्ही पाय मोकळे करा आणि चारही टायरना हात लावून पाहा. एक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, तर एकतर त्याची हवा जातेय नाहीतर ब्रेक चिकटलाय.

बहीण : हात लावायची गरज नाही. व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर घेतलेत मी. प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान समोर दिसतं.

मामा : चांगलंय. तरी हात लाव. यंत्राला फुगा दिसत नाही, बाजूला रुतलेला खिळाही दिसत नाही.

वजनाचा मुद्दा त्यांनी लवकर आटोपला. टायरवर 88 चा आकडा होता, म्हणजे एका टायरला 560 किलो. गाडी, सात माणसं आणि सामान धरून होणारा भार चारही टायरच्या एकूण क्षमतेपेक्षा बराच कमी होता. पण टपावर कॅरिअर लावून त्यात आंब्याच्या डझनभर पेट्या रचायच्या बेताला मामांनी साफ नकार दिला. पेट्या पार्सलने येऊ शकतात, असं त्यांचं म्हणणं. बहिणीने ते मानलं. मलाही ते पटलं, कारण टपावरचं वजन घाटातल्या वळणावर बाहेरच्या टायरवर जाऊन बसतं.

बहीण : नवऱ्याच्या डोक्यात रुंद टायर आहेत. मोठी अलॉय चाकं, नाहीतर जाड नक्षीचे ए-टी. कोकणातले रस्ते म्हणून.

मामा : जांभ्याच्या रस्त्याने वाडीत उतरायचा तो शेवटचा किलोमीटरभर, आणि त्यासाठी हजारभर किलोमीटर डांबरा-सिमेंटावर चिखलाचे टायर फिरवायचे?

बहीण : मी त्याला तांत्रिक कारण सांगितलं. जाड नक्षी म्हणजे वाकणारं रबर जास्त, म्हणजे उष्णताही जास्त. ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर जास्त लागतं, आवाज येतो, डिझेल जातं. आणि मोठ्या रिमवर टायरची बाजू पातळ होते, एका खड्ड्यात रिम वाकते.

मामा : पट्टीवर लिहिलंय 185/65 आर 15, तेच घ्यायचं. आयएसआयचा शिक्का पाहायचा आणि बनल्याची तारीख दुकानातच वाचायची. नवीन म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेला टायर गळ्यात मारतात.

बहीण : आता मान्य झाली का तारीख?

मामा : विकत घेताना तारीख पाहायचीच. पैसे देऊन म्हातारपण कशाला घ्यायचं?

नायट्रोजनवर एकाच मिनिटात एकमत झालं. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, म्हणून फुकट मिळाला तर घ्यावा. वाटेत कमी पडला तर साधी हवा भरायला बिचकू नये. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

खरा पेच पुढे होता.

मामा : माझं ऐक. दोनच घे. तुला माहितेय ना, नक्षी झिजलेला टायर नव्यापेक्षा कमी तापतो? वाकायला रबरच कमी असतं. उन्हाळ्याच्या दृष्टीने तुझे हे सहा मिलिमीटर उत्तम आहेत.

बहीण : झिजलेला टायर कमी तापतो, हे खरं आहे. पण आम्ही परत येईपर्यंत मे संपत आलेला असेल. कोकणात, घाटात वळवाचा पाऊस कधीही येतो. रस्त्यावर पाणी साचलं की ते बाजूला फेकायला खोल नक्षी लागते, नाहीतर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंगला काही कळत नाही. कडक झालेलं रबर तर ओल्या रस्त्यावर धरतही नाही. उन्हाळ्याचा प्रवास म्हणून आपण फक्त उन्हाचा विचार करतो.

मामा : म्हणून तर दोन म्हणतोय. दोन नवे, दोन जुने.

बहीण : आणि नवे कुठे लावणार? पुढे?

मामा : आम्ही रिमोल्ड कधी पुढे लावला नाही. पुढे नेहमी नवाच. पुढचा टायर गेला तर ड्रायव्हरच्या हातून गाडी जाते.

बहीण : बसला मागे चार चाकं असतात, एक बसलं तर दुसरं पेलतं. कारला मागे दोनच असतात. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला ती सावरता येत नाही. म्हणून दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावतात. पण मग जुने पुढे येणार, सात वर्षांहून जुने, 120 च्या रस्त्यावर. ते तुम्हाला चालेल?

मामांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मला ते त्यांचं हरणं वाटलं नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका टायरमधून तीन टायरचं काम काढलं, त्याला धडधाकट दिसणारी वस्तू टाकून द्या म्हणणं सोपं नाही. काटकसर हा त्यांचा स्वभाव आहे, आणि एसटी ज्या लोकांना घेऊन फिरते त्यांचं भाडं त्याच काटकसरीतून परवडत आलं आहे. तरी या प्रश्नात मी बहिणीच्या बाजूचा आहे. चार टायरचे पैसे जड आहेत, पण सहल पुढच्या वर्षीही करता येईल. गाडीने जायचंच असेल आणि टायर जुने असतील, तर जुन्या रस्त्याने ऐंशीच्या वेगाने जाणं हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. जुने टायर आणि समृद्धीचा वेग, दोन्ही एकाच वेळी मात्र मिळणार नाही.

मामा : चार घे. स्टेपनीचं काय?

बहीण : ती तर रस्त्याला लागलेलीच नाही. अगदी नवी आहे.

मामा : तिचीही तारीख 2018 ची असेल. हवा पाहा आधी, बहुतेक वीसही निघणार नाही. दर महिन्याला चार चाकं तपासणारा माणूस पाचवं विसरतो. तिच्यावर कुठे जावं लागलंच तर ऐंशीच्या आत, जवळच्या दुकानापर्यंत. जॅक आणि पाना उघडून पाहा, बोल्ट एकदा सैल करून घट्ट कर. मशिनने आवळलेले असतात, उन्हात उभं राहून हलत नाहीत. आणि टायर गेलाच तर ब्रेक दाबू नको. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धर, पाय हळूच काढ, गाडी आपोआप मंदावू दे. डाव्या कडेला थांबली की आधी पोरांना कठड्याच्या पलीकडे उतरव. चाक नंतर.

बहीण : आणि निघण्याच्या आठवडाभर आधीच बसवते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून दोन-तीनशे किलोमीटर इथेच चालवते. काही चुकलं असेल तर गावातच कळेल.

मामा : हे बरोबर केलंस. आता एक माझं ऐक. जुने चार दुकानदाराला देणार ना?

बहीण : हो. एक्स्चेंजमध्ये थोडे पैसे देतो म्हणाला.

मामा : नक्षी सहा मिलिमीटरची आहे. तो भंगारात घालणार नाही. काळं पॉलिश मारून एखाद्या टॅक्सीवाल्याला, भाजीच्या गाडीवाल्याला विकेल. तुझ्या पोरांसाठी जो टायर धोक्याचा, तो त्याच्या पोरांना घेऊन समृद्धीवर जाईल.

बहीण : मग काय करू? टायरच्या पुनर्वापराचे नियम आलेत 2022 पासून, कंपन्यांवर जबाबदारी टाकलीय.

मामा : नियम त्याच्या दुकानापर्यंत कधी पोचेल माहीत नाही. तू तिथे उभी राहा आणि चारही टायरच्या बाजू कापून घे. तो पैसे देणार नाही, वाद घालेल.

बहीण : पण मामा, आत्ता तर तुम्हीच म्हणत होतात की हा टायर गावात अजून दोन वर्षं चालेल. मग त्या भाजीवाल्याला का नाही?

मामा : त्याला वय माहीत असतं तर दिला असता. त्याला कोण सांगणार, 2218 म्हणजे काय?

बहीण : मी सांगते ना. तिथेच लिहून देते, गावातच वापरा म्हणून.

मामा : कागद टायरबरोबर जात नाही, बाई. कापून घे.